सात दिवस, नो स्टॉप

"आता पुढचा स्टॉप कोणता वं?" आईनं विचारलं.

"मायामी."

"किती वाजता?"

"आजपासून आठव्या दिवशी. सकाळी."

आई दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "मधात काहीच नाही?"

काहीच नाही. मागे टेनेरिफ बेटाचे दिवे बारीक होत चालले होते आणि पुढे अख्खा अटलांटिक. आईचा प्रश्न अगदी रास्त होता. बाबा एस.टी.त कंडक्टर होते. आमच्या घरात प्रवास म्हणजे यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद. स्टॉप आला की उतरायचं, चहा घ्यायचा, परत चढायचं. सलग सात दिवस स्टॉपच नाही, ही आयडिया आईच्या काय, माझ्याही डोक्यात बसत नव्हती.

पण मंडळी, लांबच्या क्रूझचा खरा मामला हाच आहे. ब्रोशरमध्ये फोटो असतात बंदरांचे. प्रत्यक्षात पैसे मोजलेले असतात मधल्या पाण्याचे. क्रूझवाल्यांच्या भाषेत त्या दिवसांना 'सी डे' म्हणतात. जहाज कुठेही थांबत नाही तो दिवस.

आम्ही तिथे कशा पोचलो, ते सांगते. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं. न्यू जर्सीतला दादा आईला सारखं "ये, ये" म्हणत होता आणि आई "कापूस घरी येऊ दे" म्हणत टाळत होती. शेवटी दादानं परस्पर तिकीटच काढलं. विमानाचं नाही, जहाजाचं. बार्सिलोना ते मायामी, १४ रात्री, गेल्या नोव्हेंबरातली. आईला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून सोबतीला मी. फ्रीलान्सर म्हणजे घरच्यांच्या लेखी कायम मोकळी!

दादाला हे परवडलं, त्यामागे एक साधा फंडा आहे. उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात फिरणारी बरीचशी जहाजं हिवाळ्यासाठी कॅरिबियनकडे जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे, एप्रिलच्या सुमारास परत. जहाज तर न्यायचंच असतं, मग रिकामं कशाला न्या? म्हणून अशा फेऱ्यांचं एका रात्रीचं भाडं बहुतेक वेळा नेहमीच्या क्रूझपेक्षा बरंच कमी असतं. यांना रिपोझिशनिंग क्रूझ म्हणतात. बंदरं कमी, समुद्र जास्त. त्यातही सगळ्यात स्वस्त म्हणजे आतली, बिनखिडकीची केबिन. दादानं तीच घेतली होती. दार उघडल्यावर आईची पहिली कॉमेंट, "हे तं आपली कोठीची खोली हाये."

चुकीचं नव्हतं. आतल्या केबिनमध्ये दिवा घालवला की दिवस की रात्र, कळत नाही. पण पाठ टेकण्यापुरती ती उत्तम. शिवाय आमची केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या बरोब्बर मधोमध होती. हलणं तिथे सगळ्यात कमी जाणवतं. झोपाळ्याचं टोक जास्त हलतं, मधला भाग कमी, तसंच. ज्यांना घाटात एस.टी. लागते, त्यांनी बाल्कनीचा मोह सोडून आधी ही जागा बघावी. आणि डॉक्टरांना विचारून गोळी सोबत ठेवावी. ती पोटात ढवळायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी घ्यायची असते. मी शहाणपणा केला, नंतर घेतली. पहिली रात्र बाथरूममध्ये काढली. आई शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत होती आणि म्हणत होती, "दिग्रसपर्यंत बी लागत होती तुले."

सी डेचं मला टेन्शन होतं ते आईचं. घरात तिला एक क्षण मोकळा नसतो. सात दिवस करणार काय ही बाई? ना शेत, ना शेजारीण, ना मोबाईलवर कोणाचा फोन. जहाजावर इंटरनेट नसतं असं नाही. आता बऱ्याच कंपन्यांच्या जहाजांवर उपग्रहाचं बऱ्यापैकी वेगवान नेट आलंय. पण त्याचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं आणि ते स्वस्त नसतं. आम्ही घेतलं नाही. सगळी कामं आधीच पाठवून मी मोठ्या ऐटीत फोन एरोप्लेन मोडवर टाकला.

आणि दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं, प्रॉब्लेम आईचा नाहीये. माझा आहे.

जहाजावर रोज रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम येतो. क्विझ, बिंगो, साल्साचा क्लास, टॉवेलचा हत्ती कसा करायचा त्याचं प्रात्यक्षिक, रात्री शो. पहिल्या सी डेला मी अकरा गोष्टींवर टिक केली. नऊ केल्या. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी क्विझमध्ये बसले असताना हात आपोआप खिशाकडे गेला, फोन काढला, बघितला, नेट नाही, परत ठेवला. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. मोजलं तेव्हा अर्ध्या तासात चौदा वेळा झालं होतं. ऑफिसला दांडी मारून घरी बसल्यावर जी अपराधी बेचैनी येते ना, तशी.

आई मात्र मस्त होती. सकाळी डेकवर चार फेऱ्या. मग नाश्ता. मग सावलीतली एक खुर्ची पकडून बसणं. दुपारी तासभर झोप. पुन्हा खुर्ची. "तुला बोअर नाही होत?" मी विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यवतमाळचा मे महिना! पारा पंचेचाळिसाकडे, रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलरचा आवाज आणि बारा ते चार सगळं गाव दाराआड. काही करायचं नाही, कुठे जायचं नाही, कोणी येणार नाही. आई अशा दुपारी चाळीस वर्षं काढत आली आहे. तिच्यासाठी सी डे म्हणजे गार वाऱ्यातली मे महिन्याची दुपार. मीही त्याच घरात वाढले. पुण्यात येऊन दहा वर्षांत ती कला विसरले, इतकंच.

चौथ्या दिवशी मी कार्यक्रमाचा कागद घडी करून ठेवला आणि आईच्या शेजारची खुर्ची धरली. तासभर कोणी काही बोललं नाही. मग आई एकदम म्हणाली, "शकुंतलेत बसल्यासारखं वाटून राहिलं."

शकुंतला म्हणजे आमची यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज. मूळची कापसाच्या गाठी वाहायला घातलेली. इथला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जायचा. म्हणजे आमच्याआधी आमचा कापूस समुद्रावर जाऊन आला होता! १९९४पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. सव्वाशे किलोमीटरही नसलेल्या रस्त्याला तासन्‌तास लावायची. आता ती बंद आहे. आईचं माहेर कारंजा, त्याच लाइनवर. लग्न होऊन ती शकुंतलेतूनच यवतमाळला आली, हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी बाबा अख्ख्या प्रवासात तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत आणि दारव्ह्याला उतरून भजी घेऊन आले, हे माहीत नव्हतं. भजी आईच्या हातात देऊन म्हणाले होते, "गरम हायेत."

मग पुढचे तीन दिवस आई बोलत होती आणि मी ऐकत होते. बाबा गेल्यापासून आम्ही दोघी बाबांबद्दल बोललोच नव्हतो. फोनवर औषधं, बँक, वारसाची कागदपत्रं, कापसाचा भाव. दिवाळीत दोन दिवस घरी गेले तर पाहुणे. वेळच नव्हता, असं मी म्हणत आले. खरं तर प्रत्येक वेळी मध्ये एखादा स्टॉप यायचा आणि आम्ही उतरून जायचो. इथे उतरायला जागाच नव्हती. पाचव्या दिवशी आई रडली, चांगली मनसोक्त. मीही. शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांनी न बोलता टिश्यू पेपरचा बॉक्स पुढे केला.

सहाव्या दिवशी पाण्यातून उडणारे मासे दिसले. चांदीचे तुकडे फेकावेत तसे. "माशे उडून राहिले वं!" आई ओरडली. असं तिला ओरडताना मी वर्षभरात ऐकलं नव्हतं.

आता कोणी म्हणेल, सात दिवसांचं काय कौतुक? मान्य. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ला कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. वय १८, नवरा सोबत नाही, समुद्र ओलांडला म्हणून समाजाचे टोमणे वेगळेच. आपल्याला बुफे असतो, बॉस!

तर तुमच्यापैकी कोणी बेत करत असेल, तर थोडं कामाचं. बार्सिलोनात चढायला शेंगेन आणि मायामीत उतरायला अमेरिकेचा व्हिसा लागतो. दोन्ही नसतील तर जहाजावर चढूच देत नाहीत. बऱ्याच मोठ्या कंपन्या टीप आपोआप बिलात धरतात, माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर. दोघांचे १४ रात्रींचे ४५० ते ५६० डॉलर होतात, ते आधीच बाजूला काढा. एकटे जाणार असाल तर केबिनचं भाडं बहुधा जवळजवळ दोघांचं पडतं. शाकाहारी किंवा जैन जेवण बुकिंग करतानाच सांगा. जहाजावर दवाखाना असतो, पण फुकट नाही, आणि भर समुद्रात हेलिकॉप्टरही पोचत नाही. आईवडील सोबत असतील तर त्यांच्या नेहमीच्या गोळ्या जास्तीच्या घ्या आणि वैद्यकीय विम्यात कंजुषी करू नका. आणि जमलं तर पूर्वेकडून पश्चिमेकडे जा. आमचं घड्याळ वाटेत सहा वेळा एकेक तास मागे गेलं. सहा दिवस चक्क २५ तासांचे! उलट्या दिशेनं आलात तर तेच तास कापले जातात.

एकदम एवढं नको वाटत असेल, तर मुंबईहूनही सुरुवात करता येते. २०२१पासून कॉर्डेलियाच्या क्रूझ मुंबईतून सुटू लागल्या. गोवा, लक्षद्वीप अशा छोट्या सहलींत एखादा सी डे मिळतोच. त्याहून स्वस्त टेस्ट म्हणजे येत्या रविवारी फोन कपाटात टाका, टीव्ही बंद ठेवा आणि दुपारी बारा ते चार घरातल्या कोणा एकासोबत नुसते बसा. चार वाजता मजा वाटली तर बुकिंग करा. दीड वाजताच कपाट उघडलंत तर... तर कदाचित तुम्हाला त्याची जास्त गरज आहे.

आई आता यवतमाळला परत आली आहे. परवा फोनवर मागून शेजारच्या काकूंचा आवाज आला. "एवढं सात दिवस पाण्यात होतं तरी काय?"

"काहीच नव्हतं," आई म्हणाली. "लय मस्त होतं."