साथ गेली, कायदा राहिला

१८९७ च्या फेब्रुवारीत तेव्हाच्या हिंदुस्थान सरकारने एक अतिशय आटोपशीर कायदा केला. त्यात कलमे अवघी चार. साथ धोकादायक आहे आणि नेहमीचे कायदे अपुरे पडतात असे सरकारला वाटले, की त्याने आवश्यक वाटतील ते उपाय योजावेत. हुकूम मोडणारास शिक्षा व्हावी. आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर कोणास दावा लावता येऊ नये, एवढाच त्याचा आशय. धोकादायक साथ म्हणजे नेमकी कोणती, निर्बंध किती दिवस चालावेत, ज्याला घराबाहेर काढले वा घरात कोंडले त्याने दाद कोणाकडे मागावी, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात सापडत नाही. मार्च २०२० मध्ये, म्हणजे एकशे तेवीस वर्षांनी, महाराष्ट्र शासनाने कोरोनाच्या साथीसाठी हाच साथरोग कायदा कपाटातून बाहेर काढला. फेब्रुवारी २०२४ मध्ये बाविसाव्या विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात या कायद्यात मोठे फेरबदल करावेत किंवा त्याच्या जागी नवा सर्वंकष कायदा आणावा, अशी शिफारस केली. तोंडावरचा रुमाल उतरताच साथीची आठवणही उतरली, म्हणून या शिफारशीकडे जेवढे लक्ष जावयास हवे होते तेवढे गेले नाही. पुढची साथ दाराशी येण्यापूर्वीच या प्रश्नाचा विचार होणे अगत्याचे आहे, असे आम्हास वाटते.

हा प्रश्न पुण्याच्या पश्चिमेस असलेल्या मुळशी तालुक्यातून पाहिला तर अधिक स्पष्ट दिसतो. ‘सार्वजनिक हित’ हा शब्द त्या मावळास नवा नाही. मुंबईला वीज मिळावी म्हणून टाटांच्या कंपनीसाठी नीला-मुळेच्या संगमाजवळ धरण बांधावयाचे ठरले, तेव्हा सुमारे पन्नास गावांवर १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा हुकूम आला. १९२१ च्या रामनवमीस तेथील शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह आरंभिला. मावळ्यांची तक्रार केवळ जमीन गेल्याची नव्हती; आपल्याला न विचारता ती गेली, ही खरी तक्रार होती. भूमी घेण्यापूर्वी मालकाची हरकत ऐकून घ्यावी, अशी सर्वसाधारण तरतूद त्या कायद्यात आली ती १९२३ च्या दुरुस्तीने, सत्याग्रह चालू असताना. मुळशीच्या शेतकऱ्यास तिचा काही उपयोग झाला नाही. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली.

भूसंपादनाचा कायदा आणि साथीचा कायदा एकाच दशकातले, एकाच राज्यकर्त्यांच्या विचारातून उतरलेले आहेत. सार्वजनिक हित कशात आहे हे सरकार ठरवील, आणि ज्याच्यावर त्याचा भार पडतो त्याने तो निमूटपणे वाहावा, हे दोहोंचे सूत्र. फरक इतकाच, की पहिल्या कायद्याविरुद्ध मुळशीपासून नर्मदेपर्यंत लोक झगडत राहिले आणि अखेर २०१३ साली संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. त्यात संमती, सामाजिक परिणामांची पाहणी आणि जाहीर सुनावणी यांना स्थान मिळाले. त्या कायद्यातही पळवाटा आहेतच. तथापि सरकारने आधी विचारावे आणि मग घ्यावे, हे तत्त्व तरी मान्य झाले. जमिनीला जे मिळाले ते माणसाच्या देहाला आणि संचाराला मिळाले नाही. साथीचा कायदा गाभ्याने होता तसाच राहिला. २०२० साली त्यात दुरुस्ती झाली ती डॉक्टर व परिचारिकांवर हल्ला करणारांस कडक शिक्षा देण्यासाठी. ती योग्यच होती. परंतु नागरिकाच्या बाजूचा एकही शब्द तीत नव्हता.

दाद मागण्याची सोय नसली म्हणजे काय होते, हे पुणे शहराइतके दुसऱ्या कोणत्या शहराने क्वचितच भोगले असेल. प्लेग थोपविण्यासाठी वॉल्टर चार्ल्स रँड यांची नेमणूक झाली आणि १३ मार्च १८९७ पासून गोऱ्या शिपायांकरवी घरझडती सुरू झाली. प्लेग खोटा नव्हता. त्याच मार्चच्या १० तारखेस रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले त्याच्याच भक्ष्यस्थानी पडल्या होत्या. रोग्यास वेगळे ठेवणे आवश्यक आहे, हे टिळकांनाही मान्य होते. त्यांनी स्वतः हिंदू रुग्णांसाठी इस्पितळ उभारण्यास पुढाकार घेतला होता. प्रक्षोभ झाला तो पद्धतीमुळे. देवघरात आणि माजघरात शिरणारे शिपाई, जाळले जाणारे सामान, अंगणात तपासल्या जाणाऱ्या स्त्रिया, आणि तक्रार केली तर ती ऐकण्यास कोणी नाही, ही ती पद्धत होती.

गोपाळ कृष्ण गोखल्यांची गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही. ते तेव्हा विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी शिपायांच्या अत्याचारांविषयी तेथे जाहीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा उभा करता आला नाही आणि त्यांना माफी मागावी लागली. आरोप अगदी खोटे होते की साक्षीदार भीतीने मागे सरले, याचा निवाडा कोण करणार? तो करणारी निःपक्षपाती यंत्रणाच नव्हती. जेथे तक्रारीस न्यायासन नसते तेथे सत्य आणि अफवा यांत भेद करण्याचे साधनच उरत नाही. मग अफवा सत्याच्या मोलाने विकली जाते आणि सत्यास अफवा म्हणून चिरडता येते. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत गोळ्या सुटल्या. रँड व आयर्स्ट यांचे प्राण गेले. पुढे तिघा चापेकर बंधूंना आणि महादेव रानड्यांना फाशी झाली. नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली चौकशीवाचून अटकेत ठेवण्यात आले, आणि टिळकांना १४ सप्टेंबरला राजद्रोहाच्या आरोपावरून अठरा महिन्यांची शिक्षा झाली. एवढे होऊनही प्लेग हटला नाही. पुढील दोन दशकांत त्याने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. पुण्यातील खून आणि १८९८ च्या मार्चमधील मुंबईचा दंगा यांनंतर सरकारलाच सक्ती सैल करावी लागली.

आता २०२० कडे वळू. येथे प्रथमच सांगितले पाहिजे, की स्वराज्यातील सरकारची तुलना रँडशाहीशी करणे अन्यायाचे होईल. हे सरकार लोकांनी निवडलेले होते. साथ भयंकर होती. सरकारी नोंदीप्रमाणेच महाराष्ट्रात तिने सुमारे १ लाख ४८ हजार माणसांचा बळी घेतला, आणि पुणे जिल्हा देशातील सर्वाधिक रुग्ण असलेल्या जिल्ह्यांत मोडत होता. डॉक्टर, परिचारिका, आशा सेविका, पोलीस यांनी जिवावर उदार होऊन काम केले. निर्बंध आवश्यक होते याविषयी आमच्या मनात संदेह नाही. परंतु निर्बंध आवश्यक असणे आणि ते बेहिशेबी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

त्या दिवसांत लोकांच्या मनात ज्या भीती होत्या त्यांतील काही निराधार होत्या. लस टोचली की माणूस निकामी होतो, इस्पितळात नेलेला परत येत नाही, या अफवांनी नुकसानच केले. मुंबईत १८९६ साली अशाच संशयाने गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. पण काही भीती साधार होत्या. मनगटावर विलगीकरणाचा शिक्का मारला जाई. जिल्ह्याची सीमा ओलांडण्यास पास लागे. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२० मध्ये संचारास वेगळी परवानगी नको असे राज्यांना कळविले, तरी महाराष्ट्रात ई-पास गेला तो सप्टेंबरच्या आरंभी. मे महिन्यात आरोग्य सेतू हे ॲप नोकरदारांवर सक्तीचे करण्यात आले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरविला असता, ही सक्ती कोणत्या कायद्याच्या आधारे, असा प्रश्न माजी न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी विचारला. थोड्याच दिवसांत सक्तीची भाषा मवाळ झाली. ‘कर नाही त्याला डर कशाला’ असे म्हणणारांस उत्तर एवढेच, की डर कराची नसते. वसूल करणाराने हिशेब न देण्याची असते.

याहून गंभीर गोष्ट मुंबईत घडली. २३ मे २०२० रोजी मुंबई पोलिसांनी जमावबंदीच्या कलमाखाली काढलेल्या आदेशात, साथीबाबत सरकारी अधिकाऱ्यांच्या कृतीविषयी अविश्वास निर्माण करणारा मजकूर समाजमाध्यमांवर प्रसृत करण्यास मनाई केली. अविश्वास! १८९७ साली ‘केसरी’वर जो आरोप ठेवला गेला, त्याच्या शब्दांशी या शब्दांचे नाते शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. प्राणवायूसाठी टाहो फोडणाऱ्या नागरिकाचा आवाज दडपल्यास तो न्यायालयाचा अवमान समजला जाईल, असे पुढे ३० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयास बजावावे लागले.

स्वातंत्र्यावरचा घाला मात्र केवळ वरूनच आला असे नाही. महाराष्ट्रातील अनेक गावांनी रस्त्यांवर दगड आणि काट्या टाकून वाटा अडविल्या, आणि शहरातून परतणारा गावचाच पोर वेशीबाहेर राहिला. त्यास अडाणीपणा म्हणून नाक मुरडणाऱ्या आपण सुशिक्षितांनी गृहसंस्थांमध्ये काय केले? घरकाम करणाऱ्या बायांना फाटकातून आत येऊ दिले नाही. इस्पितळातून थकून आलेल्या परिचारिकेस घर सोडण्यास सांगणारे घरमालकही याच महाराष्ट्रात निघाले. दिल्लीतील तबलिगी मेळाव्यानंतर एका संपूर्ण समाजाकडे बोट दाखविले गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या तत्कालीन औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये परदेशी तबलिगींविरुद्धचे गुन्हे रद्द करताना, त्यांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यता बोलून दाखविली. सरकारास आवर घालणारा कायदा हवा तसा शेजाऱ्यास आवर घालणाराही हवा.

निर्बंधांचा भार सर्वांवर सारखा पडला असे म्हणणे हे तर ढोंगच होईल. एकाच मुळशी तालुक्यात हिंजवडीच्या संगणक कंपन्यांतील नोकरदारास घरी बसून पगार मिळाला. त्याच हिंजवडीच्या इमारती बांधणाऱ्या परप्रांतीय मजुरास ना काम राहिले ना गावी जाण्यास वाहन. ताम्हिणी आणि मुळशी धरणाच्या परिसरात पावसाळी पर्यटनास बंदी झाली. शहरवासीयाची एक सहल बुडाली. रस्त्याकडेला चहा-कणसे विकणाऱ्याचा अख्खा हंगाम बुडाला. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते जालन्याहून पायी निघाले होते. त्यांना कोणी विचारले असते, तर टाळेबंदीच्या हुकुमात काय हवे हे त्यांनी चार वाक्यांत सांगितले असते. तेच मुळशीचे दुखणे: विचारले कोणी नाही.

ज्यांनी विचारावयाचे ते सभागृहही त्या काळात अर्धे मिटलेले होते. सप्टेंबर २०२० मध्ये संसद भरली ती प्रश्नोत्तराच्या तासावाचून. त्या वर्षीचे हिवाळी अधिवेशन झालेच नाही. आपल्या विधिमंडळाची अधिवेशने दोन दोन दिवसांत उरकली. मुदत संपलेल्या हजारो ग्रामपंचायतींवर प्रशासक आले आणि मतदान जानेवारी २०२१ पर्यंत लांबले. न्यायालये बोलली, पण उशिरा. लोकलच्या प्रवासासाठी लशीचे दोन डोस सक्तीचे करणारे आदेश कायद्याच्या रीतीस धरून नव्हते, हे मुंबई उच्च न्यायालयात निघाले ते फेब्रुवारी २०२२ मध्ये. लस घेण्याची बळजबरी कोणावर करता येणार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला २ मे २०२२ रोजी. तोवर महाराष्ट्रातील निर्बंध उठून महिना लोटला होता. त्याच वर्षी शासनाने टाळेबंदी मोडल्याबद्दलचे कलम १८८ खालील खटले मागे घेण्याचे जाहीर केले. जे खटले एका घोषणेने मागे घेता येतात ते दाखल करताना किती विचार झाला असेल, हा प्रश्न राहतोच.

आग लागली असता बंबवाल्याने घरमालकाची संमती घेत बसावे काय, असा आक्षेप यावर येईल. बंब आत शिरला पाहिजे, हे निर्विवाद. परंतु आग विझल्यावर बंबवाल्याने घरात मुक्काम करू नये, आणि भिंत नाहक पाडली असेल तर तिची भरपाई व्हावी, एवढे तरी कायद्यात लिहिलेले असावे. इंग्लंडच्या संसदेने २०२० साली केलेल्या कोरोना कायद्यास दोन वर्षांची मुदत घातली आणि दर सहा महिन्यांनी सभागृहासमोर त्याची उजळणी ठेवली. तेथेही चुका झाल्याच. पण अधिकार किती दिवसांचे, हे कायद्यातच लिहिलेले होते.

आपल्या नव्या कायद्यात निदान पाच गोष्टी असाव्यात. साथीची व्याख्या आणि ती जाहीर करण्याचे निकष असावेत. प्रत्येक निर्बंधाचे कारण लेखी व मराठीत प्रसिद्ध व्हावे आणि त्यास मुदत असावी. ठरावीक दिवसांत तो विधिमंडळापुढे यावा आणि गावापुरता असेल तर ग्रामसभेच्या कानावर जावा. ज्याची रोजी बंद होते त्याच्या निर्वाहाची तरतूद त्याच हुकुमात असावी. आणि तालुक्याच्या ठिकाणी, पौडसारख्या गावी, चोवीस तासांत तक्रार ऐकणारा असा अधिकारी असावा, की ज्याच्यावर निर्बंध लादणाऱ्या खात्याची हुकमत चालत नाही. नागरिकांची गोळा केलेली माहिती साथ सरताच नष्ट व्हावी, हे याच तत्त्वात येते. यांतील एकाही तरतुदीने साथ आटोक्यात आणण्याचे काम अडत नाही. उलट ज्याला दाद मिळते तोच हुकूम मनापासून पाळतो, असा १८९७ पासूनचा अनुभव आहे.

म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, अशी आपल्याकडे म्हण आहे. कोरोनात गेलेल्यांचे दुःख घरोघर आहेच. त्याच्या जोडीस काळही सोकावू द्यावयाचा की नाही, हे ठरविणे अजून आपल्या हाती आहे. विधी आयोगाने दार उघडून दिले आहे. महाराष्ट्राच्या आमदार-खासदारांनी त्यातून आत शिरावे, आणि ज्या पुण्याने या कायद्याचा पहिला घाव सोसला त्याच्या प्रतिनिधींनी या कामी पुढे असावे, अशी आमची मागणी आहे.