मेल आला नाही म्हणजे सगळं ठीक?

ऑफिसात आपण एक नियम पहिल्याच महिन्यात शिकतो. बॉसचा मेल आला नाही, म्हणजे सगळं आलबेल आहे. हाच नियम मी घरच्या कम्प्युटरला लावला आणि सपशेल तोंडावर आपटलो.

झालं असं, की घरात एक जुना डेस्कटॉप धूळ खात पडला होता. विंडोज त्याला झेपेना, म्हणून त्यावर लिनक्स टाकलं आणि काम एकच दिलं. रोज रात्री दोन वाजता फोटोंच्या डिस्कची कॉपी दुसऱ्या डिस्कवर करायची. काही बिनसलं तरच मला मेल पाठवायचा. चार महिने एकही मेल नाही. आपण खूश!

मग एका रविवारी फोटोंची डिस्क गेली. ‘नो टेन्शन, कॉपी आहे ना,’ म्हणत दुसरी उघडली. ती चार महिन्यांपूर्वीच काठोकाठ भरली होती! तेव्हापासून एकही नवा फोटो तिच्यावर गेला नव्हता. आणि मधल्या काळात भाचीचं बारसं झालं होतं. आईचा पहिला प्रश्न, ‘‘अरे, आजीच्या मांडीवर बाळ आहे तो फोटो तरी आहे ना?’’ तोपर्यंत आजी गेली होती. काय उत्तर देणार?

बरं, मशीन गप्प बसलं होतं का? अजिबात नाही. ते बिचारं रोज रात्री मेल लिहीत होतं. टर्मिनलवर ‘मेलक्यू’ टाइप केलं, तर शेवटच्या पाच दिवसांचे मेल रांगेत ताटकळलेले. त्याआधीचे सगळे ‘पोचवता आला नाही’ असा शेरा मारून परत आले होते, त्याच मशीनच्या आतल्या पेटीत. माझ्या मशीनवर पोस्टफिक्स हा मेल पाठवणारा प्रोग्राम आहे. तो न गेलेला मेल पाच दिवस पुनःपुन्हा पाठवून बघतो आणि मग परत करतो. ती पेटी मी कधी उघडलीच नव्हती.

आता दुरुस्ती. पहिला धडा, अंदाजपंचे सेटिंग्ज बदलत बसू नका, आधी लॉग वाचा. माझ्या लॉगमध्ये रोज एकच रड होती, ‘कनेक्शन टाइम्ड आउट’, पोर्ट २५. मेल सर्व्हर एकमेकांशी याच पोर्टवरून बोलतात. पण व्हायरस लागलेल्या घरगुती कम्प्युटरांमधून स्पॅमचा पूर सुटायचा, म्हणून अनेक इंटरनेट कंपन्या घरच्या कनेक्शनवर हा दरवाजा बंदच ठेवतात. तो उघडा असला तरी फार उपयोग नाही. घरगुती आयपी पत्त्यांवरून थेट आलेला मेल मोठे सर्व्हर सहसा दारातच अडवतात. जीमेलने तर फेब्रुवारी २०२४पासून पाठवणाऱ्यांसाठीचे नियम आणखी कडक केलेत.

मग मार्ग? आपण स्वतः पोस्टमन व्हायचं नाही, पत्र पोस्टात नेऊन द्यायचं. आपलं मेल अकाउंट जिथे आहे, त्यांच्या सर्व्हरला पोर्ट ५८७वरून, युजरनेम-पासवर्ड देऊन मेल सोपवायचा. पोस्टफिक्समध्ये त्यासाठी ‘रिलेहोस्ट’ ही ओळ असते. जीमेल असेल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून वेगळा ‘अ‍ॅप पासवर्ड’ घ्यावा लागतो. आणि तो ज्या फाइलमध्ये ठेवाल, ती फक्त रूटलाच वाचता येईल असं बघा.

झालं? छे! आता नवी तक्रार. समोरचा सर्व्हर म्हणाला, ‘सेंडर अ‍ॅड्रेस रिजेक्टेड, डोमेन नॉट फाउंड’. कारण माझं मशीन जगाला स्वतःचं नाव सांगत होतं ‘लोकलहोस्ट डॉट लोकलडोमेन’. म्हणजे सोसायटीच्या गेटवर वॉचमनने ‘कोण?’ विचारावं आणि आपण ‘मी’ म्हणावं, तसलाच प्रकार. कोण सोडणार आत?

म्हणून ‘होस्टनेमसीटीएल’ने मशीनला नीट नाव दिलं. तेच नाव ‘इटीसी’मधल्या ‘होस्ट्स’ फाइलमध्येही लिहिलं. हे विसरलात, तर प्रत्येक ‘सुडो’ला ‘अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट’ची कुरकुर ऐकावी लागते. स्टाइल मारायला मनाने कुठलंही ‘डॉट कॉम’ लावू नका, ते दुसऱ्या कुणाचं तरी असायचं. घरच्या नेटवर्कसाठी ‘होम डॉट अर्पा’ हे शेपूट २०१८पासून खास राखून ठेवलंय.

पण बाहेरच्या जगाला हेही नाव सापडत नाही. म्हणून शेवटचा स्क्रू पिळायचा, ‘एसएमटीपी जेनेरिक मॅप्स’. यात घरातला पत्ता डावीकडे आणि तुमचा खरा मेल आयडी उजवीकडे लिहायचा. मेल घराबाहेर पडताना पोस्टफिक्स पत्ता बदलतं. ‘पोस्टमॅप’ चालवा, पोस्टफिक्स रिलोड करा आणि एक टेस्ट मेल टाका. लॉगमध्ये ‘स्टेटस सेंट’ दिसलं तरी नाचू नका. याचा अर्थ समोरच्या सर्व्हरने मेल घेतला, एवढाच. इनबॉक्स उघडा, स्पॅम फोल्डरही बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मी मूळ नियमच उलटा केलाय. आता माझं मशीन रोज सकाळी मेल टाकतं, बिघडलं तरी आणि सगळं नीट झालं तरी. ‘कॉपी झाली, इतकी जागा शिल्लक.’ दोन ओळी, बस्स! ज्या सकाळी तो मेल येणार नाही, त्या सकाळी मी ऑफिसला जायच्या आधी त्या डब्याकडे बघणार.

आजीचा फोटो? मामाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सापडला. साइज कमी झालेला, जरा धूसर. आईने प्रिंट काढून फ्रेम केलाय. जवळून बघितला की ठिपके दिसतात. मला तर लांबूनही दिसतात.