डोडोच्या बेटावरची जास्वंद आणि आपल्या कुंपणातली जास्वंद



फुलाचे भाग शिकवायचे म्हटले की आपण मुलांना जास्वंदच आणायला सांगतो. फूल मोठं, निदलपुंज आणि दलपुंज सहज वेगळे करता येतात, मधल्या दांडीवर पुमंग आणि अगदी टोकाला कुक्षीचे पाच ठिपके. भिंग नसलं तरी शेवटच्या बाकापर्यंत दिसतं. आज याच जास्वंदीच्या एका बहिणीबद्दल लिहायचं आहे. ती मॉरिशसला राहते. तिथले लोक तिला मांद्रिनेट म्हणतात, शास्त्रीय नाव हिबिस्कस फ्रॅजिलिस. लाल फुलांचं हे झुडूप जगात फक्त त्या एका बेटाचं, आणि तिथेही रानात दोनच डोंगरांच्या कड्यांवर उरलेलं : कोर द गार्द आणि ल मोर्न. झाडं मोजकीच आहेत.

गंमत म्हणजे मांद्रिनेट बागेत सहज येते. फांदी लावली तरी जगते. मग प्रश्न काय? प्रत्येक घरात एक लावा, झालं संवर्धन! दुर्मिळ झाड दारात लावलं की ते वाचलं, असं आपण मुलांना वृक्षारोपणाच्या दिवशी बिनधास्त सांगतो. मला हे अर्धंच खरं वाटतं, आणि उरलेलं अर्धं सांगितलं नाही तर नुकसान होतं असं माझं मत आहे.

मांद्रिनेटला कुऱ्हाडीइतकाच धोका तिच्या नातेवाइकांचा आहे. आपली नेहमीची जास्वंद, म्हणजे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस, मॉरिशसची नाही. ती माणसांनी नेली आणि बागांमधून, कुंपणांमधून सगळीकडे लावली. या दोघींचा संकर होतो. परागकण नेणाऱ्याला कुंपण कळत नाही. मांद्रिनेटच्या कुक्षीवर शेजारच्या जास्वंदीचा पराग पडला तर जे बी तयार होईल, त्यातून येणारं रोप दिसायला देखणं असेल, कदाचित आईपेक्षा जोमदारही असेल, पण ते मांद्रिनेट नसेल. त्याचं बी पुढे आणखी मिसळणार. म्हणजे एकही झाड न तोडता, उलट सगळीकडे फुलं फुललेली असताना, एक जात संपू शकते. डोडो गेला हे निदान नंतर तरी कळलं. इथे कळणारसुद्धा नाही.

आता यात आपला, मराठी माणसांचा संबंध. 19व्या शतकात कोकणातून अनेक कुटुंबं उसाच्या मळ्यांत कामाला मॉरिशसला गेली. त्यांची पुढची पिढी आज तिथे आहे, शाळांमध्ये मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. आणि गणपती आला की लाल जास्वंद आलीच. तिथल्या कोणाला मी जास्वंद उपटा असं सांगणार नाही, तो अधिकारही माझा नाही. पण ज्यांना मांद्रिनेट लावायची आहे त्यांनी एकाच अंगणात दोन्ही लावू नयेत, एवढं ठामपणे म्हणेन. दोन्हींतली एक निवडा. आणि घर त्या डोंगरांच्या पायथ्याशी असेल तर जास्वंदीबाबत दुप्पट विचार करा. तसंही बाप्पाला लाल फूल हवं, ते मांद्रिनेटचंही लालच आहे.

(जाता जाता : आपली माधवीलताही तिथे गेली. आपण तिच्यावर कौतुकाने निबंध लिहून घेतो. मॉरिशस आणि शेजारच्या रियुनियन बेटावर तीच वेल स्थानिक झाडांवर चढून त्यांना गुदमरवते आहे. जगातल्या सर्वांत त्रासदायक 100 आक्रमक जातींच्या यादीत तिचं नाव आहे. वाईट झाड असं काही नसतं, जागा चुकते.)

मग मांद्रिनेट लावायचीच असेल तर? पहिली गोष्ट, रोप कुठून आलं ते विचारा. देशी झाडांच्या अधिकृत रोपवाटिकेतलं हवं. डोंगरावरून आणलेली एक फांदीही नको. प्रेमाने तोडलेली फांदी तुटलेलीच असते. मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटावर 1980च्या सुमारास एका शाळकरी मुलाला नामशेष समजलेलं एक झुडूप सापडलं. वर्गात शिक्षकांनी त्याचं चित्र दाखवलं होतं, म्हणून त्याने ते ओळखलं. कॅफे मारों त्याचं नाव. बातमी पसरली, आणि औषधी म्हणून लोक फांद्या तोडायला लागले. शेवटी एका झाडाभोवती कुंपण घालावं लागलं. 1986 साली त्याची छाटं लंडनच्या क्यू उद्यानात गेली. तिथे ती जगली, फुललीही, पण वर्षानुवर्षं बी धरेना.

छाट म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. फांदीपासून शंभर झाडं केली तरी ती एकच झाड शंभर वेळा. एखादा रोग आला तर शंभरही एकदम जातील. म्हणून बियांची रोपंही लागतात, आणि बी घ्यायचं तर पराग कोणाचा हे माहीत पाहिजे. काम फार अवघड नाही. उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी कळीवर पातळ कापडी पिशवी बांधायची, सकाळी दुसऱ्या मांद्रिनेटचा पराग कुक्षीला लावायचा, पिशवी परत बांधायची, देठाला दोरा आणि तारखेची चिठ्ठी.

आणि दुसरी गोष्ट, आपण वाढवलेलं रोप हौसेने डोंगरावर नेऊन लावायचं नाही. कुंडीच्या मातीतून तणांचं बी, किडे, रोग तिथे जातात, आणि रोप खरंच शुद्ध आहे की संकर, हे आपल्या डोळ्याला सांगता येत नाही. ते काम वनखात्याचं आणि जाणकारांचं. इथून फिरायला जाणाऱ्यांनी बॅगेत फांदी आणण्याचा तर विचारही नको.

आपल्या वर्गात मांद्रिनेट येणार नाही, पण भेंडी येईल. भेंडी त्याच कुळातली, फूल जवळपास तसंच. हिरव्या आणि लाल भेंडीची चार-चार रोपं परसबागेत लावा. संध्याकाळी हिरव्या भेंडीच्या कळीतले पुंकेसर सहावी-सातवीच्या मुलांकडून चिमट्याने हळूच काढून घ्या, पिशवी बांधा, सकाळी लालचा पराग लावा. काही कळ्या गळतील, त्यांचीही नोंद वहीत करू दे. शेंग वाळली की बी वेगळ्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर आई-बाप दोघांची नावं मुलांच्या हाताने लिहून घ्या.