इंग्रजीतील चुका आणि आपली मराठी

इंग्रजीच्या पेपरावर लाल रेघा दिसल्या की पालक चटकन म्हणतात, "घरी मराठी बोलतो ना, म्हणून इंग्रजी कच्चे राहिले." आम्हांला हे निदान अर्धवट वाटते, आणि त्यावरचा उपाय, म्हणजे घरातली मराठी बंद करणे, तर घातकच.

बुऱ्हाणपुरातील आपले मूल घरी मराठी व बाजारात हिंदी बोलते आणि वहीत इंग्रजी लिहिते. त्याच्या चुका नीट पाहा. 'तो डॉक्टर आहे' या वाक्यात 'अ' किंवा 'द'सारखे उपपद लागत नाही, हिंदीतही नाही. म्हणून मूल 'ही इज डॉक्टर' लिहिते. आपण परीक्षे'विषयी' चर्चा करतो. म्हणून 'डिस्कस'पुढे 'अबाउट' येते. आपल्याला ताप 'येतो'. म्हणून 'फीवर केम टू मी'. या चुकांना कारण आहे, आणि कारण कळले की उपाय सोपा होतो.

सगळ्याच चुका मराठीमुळे होतात असेही नाही. 'ईट'चे 'ईटेड' इंग्रजांच्या घरातली लहान मुलेही करतात. 'वॉक'चे 'वॉक्ड' होते हा नियम मुलाला कळल्याचीच ती खूण. पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९६७ साली आपल्या लेखात हेच सांगितले, की मूल कुठवर शिकले आहे हे त्याच्या चुकांवरून शिक्षकाला कळते.

'ही गो' लिहिणारे मूल मराठीत जातो, जाते, जातात हे न अडखळता बोलते. मग 'आपल्याकडे क्रियापद बदलते, तसे तिथेही थोडे बदलते' असे सांगितले, तर 'ही गोज' त्याला लवकर पटेल. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर मराठी माणसांच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या मराठीच्या आधारानेच.

शिक्षकांना आमची विनंती, की एका निबंधात चुकांचा एकच प्रकार धरावा आणि मराठी वाक्य शेजारी लिहून फरक दाखवावा. पालकांनी गुणांआधी मुलाने काय लिहिले आहे ते वाचावे, आणि घरातली मराठी चालू ठेवावी.

लाल रेघांना भिऊन मूल पाठ केलेल्या पाच ओळीच लिहू लागते. चुका कमी होतात, गुणही मिळतात. पण स्वतःचे वाक्य रचण्याचे धाडस जाते. ते एकदा गेले की परत आणणे फार कठीण.