माळढोक, गिधाड आणि आपली चिठ्ठी

खर्ड्याहून जामखेडमार्गे कर्जतकडे निघाले की डोंगर मागे पडतात आणि खुरट्या गवताचे माळ लागतात. १९७९ साली जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्यात सोलापूरबरोबर कर्जत-श्रीगोंद्याचे माळही होते. आज तिथे माळढोक दिसणे दुरापास्त झाले आहे. पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची गिधाडेही या भागातून गेली. कुळाने एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले हे पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ या एकाच वर्गात आहेत. दोन्हीकडे मादी साधारणपणे वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे तूट लवकर भरून निघत नाही.

साम्य इथेच संपते. माळढोकाचा माळ नांगराखाली गेला आणि उरलेल्यावर विजेच्या तारा आल्या. समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी तारांवर आदळतो. त्याच्यासाठी जमीन राखावी लागेल, तारा हटवाव्या लागतील. पशुवैद्यकाच्या हाती त्यातले फारसे नाही.

गिधाडाचे मात्र तसे नाही. ते आपल्याच औषधाने मेले. डायक्लोफेनॅक टोचलेले जनावर दगावले आणि गिधाडाने ते खाल्ले, की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. शवविच्छेदनात यकृतावर, मूत्रपिंडांवर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर दिसतो. शंभरात एकाहून कमी मृत जनावरांत हे औषध असले, तरी झाली एवढी घसरण होऊ शकते, असे संशोधकांचे गणित आहे. म्हणून ‘माझ्या एका इंजेक्शनाने काय होते?’ हा प्रश्नच उरत नाही.

२००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या तरीही गोठ्यात पोहोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपी ३ मिलीची झाली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅकही बंद झाले. अॅसिक्लोफेनॅकचे तर गाईच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होते. पुढे निमेसुलाइडवरही बंदी आली.

मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक आम्ल ही गिधाडांना सुरक्षित वेदनाशामके आपल्यापाशी आहेत. कासदाह असो की लंगडणे, चिठ्ठीवर त्यांचेच नाव लिहा. आधी कुणी काय टोचले हे पशुपालकाला विचारा, आणि औषध ठाऊक नसलेले जनावर दगावले तर ते माळावर न टाकता पुरायला सांगा.