मेहेरबानी नको, दर्जा द्या

मराठा सेंटर आपल्या बेळगावात. तिथला शिकाऊ जवान ट्रेनिंगमध्ये जायबंदी होऊन घरी आला, तर अपंगत्व पेन्शन मागू शकतो. पण खडकवासल्याच्या एनडीएतला कॅडेट तसाच जायबंदी झाला, तर तो 'माजी सैनिक' नाही! कारण काय, तर कमिशन मिळालं नव्हतं. अहो, मणका मोडताना कमिशन विचारतो का?

ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे ईसीएचएसचे उपचार मिळाले. दर्जा मात्र तसाच राहिला.

बँकेत प्रोबेशनवरचा पोरगाही पहिल्या दिवसापासून कर्मचारीच. जोखीम घ्यायला लावली, तर तरतूदही करावी लागते. साधा हिशेब आहे. एक्स-ग्रेशिया ही मेहेरबानी, पेन्शन हा हक्क. त्या पोरांच्या कागदावर 'माजी सैनिक' लिहा.