ब्रदर कॅडफेलच्या कादंबऱ्या : वाचनाचा क्रम

भरल्या घरांत कादंबऱ्यांचा संच आला कीं ज्याच्या हातीं जो भाग लागेल तो तो वाचूं लागतो. एडिथ पार्जेटर या लेखिकेनें ‘एलिस पीटर्स’ या नांवानें इ. स. १९७७ ते १९९४ या काळांत प्रसिद्ध केलेल्या ब्रदर कॅडफेलच्या २० कादंबऱ्यांत मात्र तसें करूं नये, असें आमचें मत आहे. श्रूजबरीच्या मठांतील हा वनौषधी जाणणारा साधु दर भागांत निराळ्या खुनाचें कोडें उकलतो, हें खरें. परंतु मागें स्टीफन व मॉड यांची यादवी चालू असते आणि काल ११३७ पासून ११४५ पर्यंत पुढें सरकतो. सहाव्या भागांत कॅडफेलला जें कळतें, त्यासाठीं विसाव्यांत तो मठही सोडावयास सिद्ध होतो. शेवट आधीं वाचणारास त्या त्यागाचें मोल कसें कळावें? म्हणून प्रसिद्धीचाच क्रम धरावा. १९८८ च्या कथासंग्रहांत त्याच्या ११२० सालच्या मठप्रवेशाची हकीगत आहे. तीही ओळख जुनी झाल्यावरच वाचावी. आणि ज्यांचें वाचून झालें असेल त्यांनीं जेवणाच्या पंक्तींत मौन पाळावें, एवढीच विनंति!